नाव भाड्याने देणे नाही

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

आमच्या गावात घरोघरी एक पाटी दिसते, 'खोली भाड्याने देणे आहे'. तालुक्याचं गाव. कॉलेज आहे, आयटीआय आहे. आसपासच्या खेड्यांतली पोरं शिकायला येतात, आणि ज्याच्याकडे जास्तीची खोली आहे तो ती भाड्याने देतो. आमच्या लहानपणी तासावर सायकल मिळायची. लग्नाला मांडव भाड्याने मिळतो, भांडी मिळतात, नवरदेवाचा फेटासुद्धा मिळतो. त्यात गैर काहीच नाही. पण गेल्या काही वर्षांत आणखी एक वस्तू गावोगावी भाड्याने जाऊ लागली आहे. तिची पाटी कुठं लागत नाही. ती वस्तू म्हणजे आपलं बँकेतलं खातं. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

मी कविता लिहितो. कवितेवर घर चालत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बी.ए. झालो, मास्तर व्हायचं होतं, ते जमलं नाही. मग कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. त्याला आता तीस वर्षं होत आली. गावातल्या माणसांचे सातबारे, जातीचे दाखले, दहावीच्या गुणपत्रिका, मृत्यूचे दाखले, सगळं माझ्या यंत्राच्या काचेवरून गेलं आहे. कुणाचं काय चाललंय, ते झेरॉक्सवाल्याला सगळ्यात आधी कळतं. कळतं, पण तो विचारत नाही. ही आमच्या धंद्याची रीत. या रीतीबद्दलच मला आज थोडी कबुली द्यायची आहे.

2024 चा पावसाळा होता. तिशीचा एक माणूस दुकानात आला. बरोबर कॉलेजची चार पोरं. प्रत्येकाचं आधारकार्ड, पॅनकार्ड आणि फोटो. "काका, प्रत्येकाचे चार-चार सेट काढा." मी काढले. त्याने घासाघीस केली नाही, सुटे परत घेतले नाहीत. महिन्याभरात तो तीनदा आला, दर वेळी पोरं वेगळी. मी एकदा सहज विचारलं, "कसली भरती आहे?" तो म्हणाला, "कंपनीचं काम आहे, काका. पगाराची खाती काढायचीत." मला ते खटकलं. पगाराचं खातं कंपनी काढून देते, त्यासाठी पोरांना गोळा करत फिरावं लागत नाही. पण गिऱ्हाईक होतं. मी गप्प बसलो आणि पैसे गल्ल्यात टाकले.

त्या पोरांत माझा भाचा नव्हता. मामूच्या दुकानात कसा येईल? त्याने त्याच माणसासाठी दुसऱ्या दुकानातून झेरॉक्स काढल्या होत्या, हे मला दिवाळीनंतर कळलं.

भाचा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. वडील नाहीत. आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, शिवणकाम करते. त्याचं खातं शिष्यवृत्तीसाठी काढलेलं होतं. बहिणीकडे ब्लाउजांचे पैसे कुणी फोनवरून दिले, तर ते याच खात्यात यायचे. एके दिवशी ती दुकानदाराला अस्तराच्या कापडाचे पैसे द्यायला गेली तर पैसे जाईनात. बँकेत गेली. तिथं सांगितलं, खातं गोठवलंय. परराज्यातल्या पोलिसांत सायबर गुन्ह्याची तक्रार आहे. तिला 'गोठवलंय' या शब्दाचाच अर्थ लागेना. ती थेट माझ्याकडे आली.

मी खात्याचा उतारा काढून आणला. आयुष्यभर ओळी वाचत आलो, पण त्या कागदावरच्या ओळी वाचताना हात थरथरला. आधी शिल्लक 612 रुपये. मग एका मंगळवारी सकाळी पावणेबारा वाजता 3 लाख 40 हजार रुपये जमा. त्यानंतर नऊ मिनिटांत ते पाच वेगवेगळ्या खात्यांत गेलेले. दुपारी पुन्हा मोठी रक्कम, पुन्हा तसंच. दोन दिवसांत 11 लाखांवर पैसा माझ्या भाच्याच्या नावावरून वाहून गेला होता. घरात तेव्हा गॅसची टाकी उसनवार आणलेली होती.

त्याला समोर बसवलं. आधी तो काही बोलेना. मग म्हणाला, "मामू, गल्ती हो गई." त्याने पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं नवं सिमकार्ड असा सगळा संच त्या माणसाला दिला होता. नेट बँकिंगचा पासवर्डसुद्धा. बदल्यात 5 हजार रुपये रोख, आणि दर महिन्याला 2 हजार देण्याचं कबूल. मी विचारलं, "तुला काय सांगितलं होतं?" तो म्हणाला, "सांगितलं, तुला काहीच करायचं नाही."

श्रोतेहो, हे वाक्य लक्षात ठेवा. कामाचे पैसे मिळतात, घामाचे मिळतात, हुशारीचे मिळतात. काहीच न करण्याचे पैसे कुणी देत असेल, तर तो आपल्याकडून अशी काहीतरी वस्तू विकत घेत असतो, जिची किंमत आपल्याला ठाऊक नाही.

आता हा पैसा येतो कुठून ते सांगतो. उतारा आणि तक्रार जुळवल्यावर कळलं, की त्या 3 लाख 40 हजारांची मालकीण दुसऱ्या राज्यातली एक निवृत्त शिक्षिका होती. तिला व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पोलिसाचा गणवेश. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे, खोलीबाहेर पडायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, चौकशी होईपर्यंत पैसे या 'सरकारी' खात्यात भरा. तिने भरले. ते 'सरकारी खातं' माझ्या भाच्याचं होतं. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाचं काहीही नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर 2024 मधल्या 'मन की बात'मध्ये हे देशाला सांगितलं होतं. पण दाराला आतून कडी लावून बसलेल्या एकट्या बाईपर्यंत ते वेळेवर पोचलं नाही.

ठग कंबोडियात बसलेला असो, म्यानमारमध्ये असो की आपल्याच देशातल्या एखाद्या शहरात, त्याची अडचण एकच असते. फसवून मिळवलेला पैसा त्याला स्वतःच्या नावावर घेता येत नाही. घेतला की पकडला जाईल. म्हणून त्याला मधे दुसऱ्याचं नाव लागतं. पहिल्या खात्यात पैसा येतो, मिनिटांत दुसऱ्या थरातल्या चार-पाच खात्यांत जातो, तिथून तिसऱ्या थरात. मग कुठं एटीएममधून रोख निघते, कुठं चेकने, कुठं त्याचं आभासी चलन होऊन ते देशाबाहेर जातं. प्रत्येक थराबरोबर मूळ चोर दिसेनासा होतो आणि पुढे दिसतात ती आपली पोरं. याला मनी लॉन्ड्रिंग म्हणतात, म्हणजे पैशांची धुलाई. आपल्याकडे कपडे धुतले की मळ पाण्याबरोबर जातो. या धुलाईत मळ ज्याच्या घाटावर धुतलं त्याच्या नावावर राहतो.

अशा खातेदाराला बँकांच्या भाषेत 'मनी म्यूल' म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. ओझं दुसऱ्याचं, पाठ याची. रिझर्व्ह बँकेने अशा खात्यांबद्दल बँकांना 2010 सालीच पत्रक काढून सावध केलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये अशी खाती हुडकण्यासाठी 'म्यूलहंटर' नावाची संगणक-प्रणाली आणल्याचं रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं. म्हणजे ज्या खात्यात वर्षभर 600 रुपये असतात आणि एका दुपारी लाख येऊन जातात, ते खातं आता यंत्राच्याही डोळ्यांत भरतं. 'मला कोण बघतंय' हा समज सोडून द्यावा.

आणि कायदा? मनी लॉन्ड्रिंगविरोधी कायदा 2002 साली झाला, 1 जुलै 2005 पासून लागू आहे. त्यात गुन्ह्याचा पैसा लपवायला जाणूनबुजून मदत करणाराही गुन्हेगार ठरतो आणि शिक्षा तीन ते सात वर्षं सक्तमजुरीची आहे. प्रत्येक खातेदारावर हाच कायदा लागतो असं नाही. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीच्या कलमाखालीही सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "मला ठाऊक नव्हतं" हे खरंही असेल. पण पासबुक, कार्ड आणि सिम देऊन 5 हजार रुपये घेतलेले असले, की ते कोर्टाला पटवून देणं फार जड जातं.

खातं उघडउघड भाड्याने मागणारा माणूस निदान ओळखता तरी येतो. पण याची आणखीही सोंगं आहेत. गेल्या दीड वर्षात दुकानात बसून मी ती पोरांकडून ऐकली आहेत, ती थोडक्यात सांगतो.

पहिलं सोंग नोकरीचं. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर निरोप येतो. घरबसल्या काम, आमच्या ग्राहकांचे पैसे तुमच्या खात्यात येतील, तुमचं कमिशन ठेवून उरलेले आम्ही सांगू तिथं पाठवा. कुठलाही प्रामाणिक धंदा आपल्या ग्राहकांचे पैसे अनोळखी पोराच्या खात्यात घेत नाही. दुकानदार गल्ला नोकराच्या घरी ठेवतो का?

दुसरं सोंग चुकीचं. तुमच्या खात्यात अचानक 20 हजार येतात. लगेच फोन येतो, "दादा, चुकून आले, आई दवाखान्यात आहे, या नंबरवर परत पाठवा." आपल्याला वाटतं, परत करणं हे तर चांगलंच काम. पण ते पैसे तिसऱ्याच कुणाचे असू शकतात आणि सांगितलेला नंबर चौथ्याचा. असे पैसे खर्च करू नका आणि स्वतःहून पाठवूही नका. बँकेत जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ज्या वाटेने आले त्या वाटेने बँक ते परत पाठवील.

तिसरं सोंग एटीएमबाहेरचं. "माझं कार्ड चालत नाही, तुम्हाला फोनवरून पाठवतो, मला रोख द्या." अनोळखी माणसाला नम्रपणे नाही म्हणा.

चौथं सोंग दुकानाचं. तुमच्या नावाने उद्यम नोंदणी काढतात, भाडेकरार करतात, रिकाम्या गाळ्यावर एका दिवसापुरता फलक लावतात, त्याचा फोटो काढतात आणि चालू खातं उघडतात. त्यातून मोठ्या रकमा फिरवता येतात. ज्या दुकानात आपण कधी बसलो नाही, त्याचे आपण मालक होऊन बसतो.

पाचवं सोंग योजनेचं, आणि हे आपल्या आयाबहिणींसाठी. अनुदान येणार आहे, खातं काढून देतो, अंगठा द्या, कार्ड आमच्याकडे राहू द्या. सरकारी योजनेला तुमचं खातं लागतं. तुमचं एटीएम कार्ड आणि पिन कुठल्याच योजनेला लागत नाही.

तर आमच्या घरी काय झालं ते सांगतो. बातमी फुटल्यावर सल्ले देणारे आले. ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, "पोराला सांगा, कार्ड हरवलं होतं म्हण. मागची तारीख टाकून हरवल्याचा अर्ज करून टाकू." बहिणीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत एवढंच होतं, की काहीही करून पोराला वाचव. खरं सांगतो, एक रात्र मीही त्या अर्जाचा मसुदा डोक्यात जुळवत होतो. शब्द जुळवायची सवय आहे मला. मग मनात आलं, एका खोट्यासाठी पोराने आपलं नाव दिलं, आता दुसऱ्या खोट्यासाठी मी माझं अक्षर देतोय. आणि त्या शिक्षिकाबाईंचं काय? त्यांचा पैसा ज्या माणसापर्यंत जाऊन पोचला, त्याचा माग आमच्या पोराच्या तोंडूनच लागला तर लागणार होता.

सकाळी वकिलांना भेटलो. पोलिसांची हजर राहण्याची लेखी नोटीस आली, तेव्हा भाच्याला घेऊन मी स्वतः गेलो, रेल्वेने, रात्रभराचा प्रवास करून. त्याने त्या माणसाचा नंबर, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, कुठं भेटला, किती दिले, सगळं खरं सांगितलं. मीही सांगितलं, की तो माझ्या दुकानात तीनदा येऊन गेला आणि मी त्याला एका शब्दाने अडवलं नाही. तपास अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मान खाली घालून सही केली.

हे प्रकरण अजून मिटलेलं नाही. खातं गोठलेलंच आहे. भाचा बी.कॉम. झाला, पण भरतीचा अर्ज भरताना 'आपल्याविरुद्ध एखादं प्रकरण प्रलंबित आहे का' या रकान्याशी तो थांबतो. 5 हजारांत त्याने काय विकलं, ते त्याला त्या रकान्याने शिकवलं. शिक्षिकाबाईंना किती परत मिळाले ते मला कळलेलं नाही. पण मी त्यांना विसरू शकत नाही. भाचा आधी म्हणाला होता, "मी कुणाचं काय घेतलं?" त्याने घेतलं काहीच नव्हतं. त्याने फक्त दार उघडं ठेवलं होतं.

आता, असं कुणाच्या बाबतीत घडलंच, तर काय करावं?

स्वतःची फसवणूक झाली असेल तर एक मिनिट न दवडता 1930 या क्रमांकावर फोन करा, किंवा सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसा मिनिटांत पुढे सरकतो, म्हणून जितकी लवकर तक्रार तितका तो वाटेत अडवला जाण्याचा संभव जास्त.

तुम्ही खातं कुणाला देऊन बसला असाल, तर आजच बँकेत जा. कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा, तसं लेखी द्या, पोच जपून ठेवा. सिमकार्ड बंद करा. आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत, ते सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर पाहता येतं. आपला नसलेला क्रमांक दिसला तर तिथंच कळवा. त्या माणसाशी झालेलं बोलणं पुसू नका, तोच तुमचा पुरावा आहे. आणि पोलीस आपल्या दारात येण्याआधी आपण पोलिसांकडे जा.

खातं गोठवलं गेलं असेल, तर कुठल्या पोलीस ठाण्याच्या, कुठल्या क्रमांकाच्या तक्रारीवरून ते गोठवलं, हे बँकेला विचारून घ्या. मग त्या ठाण्याशी लेखी बोला, वकिलाचा सल्ला घ्या. 'पैसे द्या, खातं मोकळं करून देतो' म्हणणारे दलाल लगेच उगवतात. ते त्याच माळेतले मणी.

जाता जाता एका शब्दाविषयी बोलतो, कारण शब्दांशिवाय मला चैन पडत नाही. आपण 'हवाला' म्हटलं की काळा पैसा आठवतो. पण हा अरबीतून आलेला शब्द मुळात सोपवण्याचा आहे. 'हवाली करणे' त्यातूनच, आणि 'हवालदार'ही त्यातूनच. ज्याच्या हवाली काही केलं, तो भरवशाचा. माझ्या आईकडे गल्लीतल्या बाया आपल्या भिशीचे पैसे, कधी एखादी बांगडी ठेवायला द्यायच्या. आई ते वेगळ्या डब्यात ठेवायची आणि आम्हाला सांगायची, ही अमानत आहे, हात लावायचा नाही. तिला सही येत नव्हती. पण तिच्या नावावर गल्ली विश्वास ठेवायची. बँकेतलं खातं म्हणजे तरी दुसरं काय? आपलं नाव अमुक आहे आणि त्या नावावर भरवसा ठेवता येतो, एवढंच ते जगाला सांगत असतं.

दुकानात मी आता एक पाटी लावली आहे. माझ्याच अक्षरात लिहिली : 'येथे झेरॉक्स काढून मिळेल. खाते भाड्याने देणाऱ्यांची काढून मिळणार नाही.' पोरं हसतात. हसता हसता विचारतात, मग मी त्यांना बसवून सगळं सांगतो. कोणी एकाच वेळी चार-पाच पोरांची कार्डं घेऊन आला, तर मी यंत्र थांबवून पोरांनाच विचारतो, कशासाठी? त्यामुळे दोन-तीन गिऱ्हाइकं गेली. एक पोरगं मात्र संध्याकाळी एकटं परत आलं आणि म्हणालं, "चाचा, मी नाही दिलं." माझा भाचा तेव्हा गल्ल्यावर बसला होता. त्याने त्या पोराला चहा मागवला.